आधी तीन तारखा, मग कलम : नव्या फौजदारी कायद्यांत गोव्यातली फाइल कशी बांधावी

म्हापसा असो की मडगाव, फौजदारी कोर्टाच्या एकाच दिवसाच्या बोर्डावर सध्या दोन कायदे शेजारीशेजारी चालतात. एका खटल्यात आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) आणि सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता), पुढच्यात भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आणि तिसऱ्यात गुन्हा जुन्या कायद्याचा पण प्रक्रिया नव्या कायद्याची. जुने खटले निकाली निघेपर्यंत हे असेच चालणार. म्हणून नव्या-जुन्या कलमांचा तक्ता पाठ करून काम भागत नाही. तक्ता मोबाइलवरही सापडतो. कोणत्या पायरीला कोणता कायदा लागतो, हे मात्र वकिलालाच ठरवावे लागते आणि चुका तिथेच होतात.

तिन्ही कायदे १ जुलै २०२४ रोजी लागू झाले : न्याय संहिता ३५८ कलमांची, नागरिक सुरक्षा संहिता ५३१ कलमांची, साक्ष्य अधिनियम १७० कलमांचा. यापुढे त्यांना बीएनएस, बीएनएसएस आणि बीएसए म्हणू, कोर्टातही तेच म्हणतात.

फाइलच्या पहिल्या पानावर काय लिहावे

वकालतनाम्यावर सही घेतली की लगेच आतल्या बाजूला तीन तारखा लिहा : गुन्हा घडल्याची, एफआयआर किंवा खाजगी तक्रार दाखल झाल्याची, आणि आज आपण जो अर्ज, अपील किंवा रिव्हिजन दाखल करतोय त्याची.

पहिल्या तारखेवरून गुन्ह्याचा कायदा ठरतो. कृत्य ३० जून २०२४ पर्यंतचे असेल तर आयपीसी, मग एफआयआर कधीही नोंदलेला असो. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) आणि बीएनएसचे कलम ३५८ दोन्ही हेच सांगतात. दुसऱ्या तारखेवरून प्रक्रिया ठरते. बीएनएसएसच्या कलम ५३१ नुसार १ जुलै २०२४ च्या आधी प्रलंबित असलेला तपास, चौकशी, खटला, अर्ज किंवा अपील सीआरपीसीखालीच पूर्ण व्हायचे असते. त्यानंतर नोंदलेल्या एफआयआरचा तपास बीएनएसएसखाली, गुन्हा आयपीसीचा असला तरी. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

तिसरी तारीख अवघड. एफआयआर २०२३ चा आणि जामीन अर्ज आज, तर कलम ४३९ लिहायचे की ४८३? शिक्षेचा निकाल मे २०२४ चा आणि अपील नंतरचे, तर ३७४ की ४१५? केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्येच सांगितले की १ जुलैनंतर दाखल झालेले अपील बीएनएसएसखाली चालेल, निकालाची तारीख काहीही असो. देशभरातल्या उच्च न्यायालयांचे सूर मात्र एकसारखे नाहीत. म्हणून अर्जाच्या शीर्षकात दोन्ही कलमे लिहावीत : ‘कलम ४८३ बीएनएसएस, पूर्वीचे कलम ४३९ सीआरपीसी’. चुकीच्या आकड्यामुळे कोर्टाचा अधिकार जात नाही. पण रजिस्ट्रीची हरकत येते, अर्ज परत येतो आणि तेवढे दिवस अशील कोलवाळच्या तुरुंगात काढतो.

गोव्यातला नेहमीचा नमुना घ्या, जमीन हडपण्याचा. बनावट विक्रीखत २०१६ सालचे, मूळ मालक परदेशात, वारसांना पत्ता लागला २०२५ मध्ये, एफआयआर त्याच वर्षी. खत तयार करण्याच्या कृत्याला आयपीसीची ४६५, ४६७, ४६८ आणि फसवणुकीची ४२० लागतील, तपास आणि जामीन बीएनएसएसखाली. पण तेच खत आरोपीने ऑगस्ट २०२४ मध्ये म्युटेशनसाठी मामलेदाराकडे लावले असेल, तर तो वापर वेगळे कृत्य आहे आणि त्याला बीएनएसचे ३४०(२) लागेल. एकाच एफआयआरमध्ये दोन्ही कायद्यांची कलमे असणे चूक नाही. प्रत्येक कृत्याची तारीख मात्र वेगळी मांडलेली हवी. आरोपीच्या बाजूने असाल तर पहिल्याच सुनावणीला हा तपशील मागा. सरकारी पक्ष ‘२०१६ ते २०२५ दरम्यान’ असे मोघम लिहून सगळे बीएनएसमध्ये टाकत असेल तर हरकत नोंदवून ठेवा.

पुराव्याचा कायदाही तसाच. बीएसएच्या कलम १७० नुसार त्या दिवशी प्रलंबित असलेल्या प्रकरणांना १८७२ चा पुरावा कायदाच लागतो. आणि ही तरतूद दिवाणीलाही आहे, हे दिवाणी वकिलांच्या हातून सर्रास निसटते. २०१९ च्या दाव्यात आज साक्षीदार उभा राहिला तरी त्याने आणलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब चेच. पण २०२५ मध्ये सुरू झालेल्या इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या) प्रकरणात एखाद्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण हजर केले तर तिथे बीएसएचे कलम ६३. तीस वर्षांपूर्वीचा दस्तऐवज खरा धरण्याचे गृहीतक आपल्याकडे पोर्तुगीज काळातल्या कागदांमुळे रोज लागते. ते जुन्या कलम ९० मधून ९२ मध्ये गेले. कागद योग्य ताब्यातून आल्याचे दाखवण्याची अट कायम आहे.

‘गोवा बाल कायदा, २००३’ सारख्या विशेष कायद्यांत अजून आयपीसीचे आकडे छापलेले दिसतात. सामान्य खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ८ मुळे ते नव्या कलमांना उद्देशून वाचायचे. त्यासाठी वेगळ्या दुरुस्तीची वाट पाहू नका.

पोलीस स्थानकात तक्रार घेतली नाही तर

बीएनएसएसच्या कलम १७३ खाली झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही स्थानकात नोंदवायचा एफआयआर, आता कायद्यातच आहे. बागा किनाऱ्यावर लुटला गेलेला पर्यटक बंगळुरूला परतून तिथे तक्रार देऊ शकतो आणि ती कळंगुटला वर्ग होते. अशा प्रकरणात दोन क्रमांक असतात. जामीन अर्जात दोन्ही लिहा, आणि विलंबाचा मुद्दा मांडताना पहिल्या नोंदीची तारीख धरा. ई-मेलने दिलेली माहिती तीन दिवसांत सही झाली तरच नोंदली जाते. अशिलाला मेल पाठवायला सांगून थांबू नका, सहीला त्याच आठवड्यात स्थानकात पाठवा.

तीन वर्षे ते सात वर्षांखालील शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. ‘चौकशी चालू आहे’ असे तोंडी उत्तर मिळाले तर परवानगीची तारीख लेखी विचारा. परवानगी नसेल तर ती चौकशी कलम १७३(३) खालची नाही.

मॅजिस्ट्रेटकडे जायचा जुना १५६(३) चा रस्ता आता १७५(३). त्याच्या पायऱ्या चुकवता येत नाहीत :

१. पोलीस स्थानकात लेखी तक्रार आणि पोचपावती.
२. दखल घेतली नाही तर उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी, कलम १७३(४) खाली. टपालाने पाठवल्यास पावती आणि पोच दोन्ही जपा.
३. त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, सोबत शपथपत्र. शपथपत्रात पहिल्या दोन्ही पायऱ्यांच्या तारखा लिहा आणि प्रती जोडा.

शपथपत्र नसलेला अर्ज पहिल्याच दिवशी अडतो. शिवाय मॅजिस्ट्रेटने आदेशापूर्वी पोलिसांचे म्हणणे विचारात घ्यायचे असते, त्यामुळे त्याच दिवशी आदेश होईल असे अशिलाला सांगू नका.

खाजगी तक्रारीत, म्हणजे जुन्या कलम २०० च्या जागी आलेल्या २२३ मध्ये, मोठा फरक पडला. दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडायची संधी द्यावीच लागते. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनी लाँडरिंगच्या एका प्रकरणात ही संधी न दिल्यामुळे दखलीचा आदेशच रद्द केला. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या मते क्रम असा : आधी तक्रारदार आणि साक्षीदारांचे शपथेवरचे जबाब, मग आरोपीला नोटीस. तक्रारदाराच्या बाजूने असाल तर तक्रारीची आणि जबाबांची प्रत नोटिशीबरोबर जाईल याची व्यवस्था स्वतः करा. नोटीस नुसती गेली तर संधी दिली असे होत नाही, आणि तोच मुद्दा पुढे पर्वरीला उच्च न्यायालयात उपस्थित होतो.

अटक आणि रिमांड

कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०२५ रोजी स्पष्ट केले. कोर्टाच्या समन्सची गोष्ट वेगळी. कलम ६४ मध्ये ते इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावायची सोय आहे. अशिलाच्या फोनवर काही आले की आधी पाहा, ते पोलिसांचे आहे की कोर्टाचे. पोलिसांचे असले तरी दुर्लक्ष करा असा सल्ला देऊ नका. लेखी उत्तर द्या, रीतसर नोटीस मागा आणि हजर राहायची तयारी कळवा. अटकपूर्व जामिनाच्या वेळी हेच उत्तर कामाला येते. आरोपी साठ वर्षांवरचा किंवा आजारी असेल आणि शिक्षा तीन वर्षांखालची असेल, तर उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही, हे कलम ३५(७) सांगते.

रिमांडला उभे राहताना सर्वांत आधी अटकेच्या कारणांचा कागद मागा. ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की कारणे लेखी द्यायची, आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, कोणताही गुन्हा असला तरी. लगेच देणे शक्य नसेल तर आधी तोंडी सांगून, रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. गोव्यात याला फार महत्त्व आहे. बांधकामावरचा कामगार कन्नड बोलणारा, किनाऱ्यावरचा आरोपी रशियन, आणि कागद इंग्रजीत ही स्थिती अनेकदा दिसते. आरोपीला कोणती भाषा वाचता येते ते त्याला विचारा, कागदावरची वेळ पाहा आणि दोन्ही गोष्टी मॅजिस्ट्रेटच्या नोंदीत येतील असे मागा. नंतर शपथपत्रात लिहिण्यापेक्षा त्या दिवशीच्या रोजनाम्यातली एक ओळ जास्त उपयोगी पडते. कलम ४८ खाली नातेवाइकाला कळवल्याची नोंदही तेव्हाच तपासा.

पोलीस कोठडीचे गणित बदलले आहे. एकूण पंधरा दिवसच, पण कलम १८७(२) मुळे ते तुकड्यातुकड्यांनी मागता येतात : आरोपपत्राची मुदत साठ दिवसांची असलेल्या प्रकरणात पहिल्या चाळीस दिवसांत, नव्वदची असलेल्या प्रकरणात पहिल्या साठ दिवसांत. म्हणून आरोपी न्यायालयीन कोठडीत गेला म्हणजे पोलीस कोठडी संपली, असे आता नाही. फाइलच्या कव्हरवर वापरलेले आणि उरलेले दिवस लिहीत जा. ‘अजून कोठडी लागू शकते’ म्हणून जामिनाला विरोध झाला तर कलम ४८०(१) चे परंतुक दाखवा. आरोपी एरवी जामिनाला पात्र असेल आणि हजर राहण्याची हमी देत असेल, तर पहिल्या पंधरा दिवसांपुढची कोठडी लागू शकते एवढे कारण जामीन नाकारायला पुरत नाही.

आरोपपत्र वेळेत न आल्याने मिळणाऱ्या जामिनाचे दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा. २७ मार्च २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो वाद मिटवला. १ सप्टेंबरला पहिली रिमांड असेल तर ३० ऑक्टोबर हा साठावा दिवस आणि ३१ ऑक्टोबरला हक्क उभा राहतो. अर्ज त्या सकाळी कोर्ट उघडताच टाकावा, जामीनदार सोबत ठेवावा. आरोपपत्र दुपारी आले तरी आधी टाकलेल्या अर्जाचा हक्क जात नाही.

साठ की नव्वद, हा मात्र खुला प्रश्न आहे. सीआरपीसीत शब्द होते ‘दहा वर्षांपेक्षा कमी नाही’. त्यावरून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान शिक्षा दहा वर्षे असलेलेच गुन्हे नव्वदमध्ये धरले. बीएनएसएसच्या कलम १८७(३) मध्ये शब्द आहेत ‘दहा वर्षे किंवा अधिक’. जबरी चोरीत, बीएनएस ३०९(४) मध्ये, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, किमान काही नाही. आमच्या मते अशा गुन्ह्यात एकसष्टाव्या दिवशी अर्ज टाकायलाच हवा आणि २०१७ च्या निकालावर युक्तिवाद करायला हवा. एक्याण्णवाव्या दिवसापर्यंत थांबलात तर मुद्दा लढवायची संधीच जाते.

दीर्घकाळ कच्च्या कैदेत असलेल्यांसाठी कलम ४७९. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर, इतरांना निम्म्या काळानंतर सुटका. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवरही आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गुन्ह्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही हा लाभ दिला. अडथळा येतो तो उपकलम (२) चा : आरोपीवर एकाहून अधिक प्रकरणे चालू असतील तर हा लाभ बंद. इतर स्थानकांतल्या गुन्ह्यांची यादी अशिलाकडून आधीच घ्या, नाहीतर ती सरकारी वकील कोर्टात काढतात.

आरोपपत्रानंतरच्या मुदती

नव्या संहितेत वकिलाच्या अंगावर येणाऱ्या मुदती बऱ्याच आहेत. आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांत त्याला कलम २३० खाली प्रती मिळायच्या, त्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही देता येतात. पेन ड्राइव्ह मिळाला तर सही करण्यापूर्वी तो उघडून पाहा. एखादी फाइल उघडत नसेल तर तसे पोचपावतीवरच लिहा, कारण पुढची मुदत त्या दिवसापासून धावते.

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातल्या वॉरंट खटल्यात आरोपमुक्तीचा अर्ज कलम २६२ खाली प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत. सेशन्समध्ये कलम २५० खाली खटला वर्ग झाल्यापासून साठ दिवसांत. दस्तऐवज मान्य की अमान्य हे कलम ३३० खाली तीस दिवसांत सांगायचे. प्ली बार्गेनिंगचा (सौम्य शिक्षेच्या बदल्यात गुन्हा कबूल करण्याचा) अर्ज आरोप ठेवल्यापासून तीस दिवसांत. मुदत चुकल्यास काय, याबद्दल वाद घालता येईल, पण अशिलाचा हक्क त्या वादावर टांगू नका. प्रती मिळाल्या त्या दिवशीच डायरीत साठावा दिवस लिहून टाका.

इथेच एक बदल लक्षात येत नाही आणि महागात पडतो. निष्काळजीपणाने मृत्यू, जुने ३०४-अ, यात शिक्षा दोन वर्षांची होती आणि खटला समन्स प्रकारचा. बीएनएस १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली, आणि दोन वर्षांवर शिक्षा असलेला खटला वॉरंट प्रकारचा. निष्काळजीपणाने गंभीर दुखापतीचे १२५(ब) सुद्धा आता तीन वर्षांचे. म्हणजे गोव्यात रोज घडणाऱ्या अपघाताच्या खटल्यात आता आरोपमुक्तीचा अर्ज, त्याची साठ दिवसांची मुदत आणि आरोप ठेवण्यावर युक्तिवाद हे सगळे आले. १०६(१) दखलपात्र आहे, पण जामीनपात्रच. अपघात करून पळून जाण्याबद्दल दहा वर्षांचे १०६(२) अजून लागू केलेले नाही. कुणी एफआयआरमध्ये ते लावले असेल तर ताबडतोब दाखवून द्या.

चोरीतही लक्ष हवे. पाच हजार रुपयांखालच्या मालाची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र झाली. पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. मालाची किंमत पंचनाम्यात कशी ठरवली, यावर आता बरेच अवलंबून आहे. वापरलेल्या फोनला नव्या फोनची किंमत लावली असेल तर तिथेच बोट ठेवा. याउलट हिसकावून नेलेल्या साखळीला किंवा फोनला कलम ३०४ लागते, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र.

झडती आणि जप्तीचे चित्रीकरण कलम १०५ ने सक्तीचे केले आहे : यादी तयार होताना आणि पंच सही करताना सुद्धा, आणि ते विलंब न लावता जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. पोलीस त्यासाठी ई-साक्ष्य अ‍ॅप वापरतात. आरोपपत्रात पंचनामा असेल पण चित्रीकरणाची प्रत नसेल तर कलम २३० च्या टप्प्यावरच लेखी मागा. चित्रीकरण मधेच तुटलेले असेल तर कोणत्या मिनिटाला तुटले ते पंचनाम्यातल्या वेळेशी जुळवून टिपून ठेवा. पंचाची उलटतपासणी त्यावर उभी राहते.

कलम ६३ चे प्रमाणपत्र

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे हे प्रमाणपत्र. सगळ्यात जास्त हरकती यावर येतात. बीएसएच्या परिशिष्टात प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. ६५-ब चा जुना एकपानी नमुना आता चालत नाही. कायद्याचे शब्द असे आहेत की नोंद पुराव्यासाठी सादर कराल त्या प्रत्येक वेळी प्रमाणपत्र सोबत हवे. अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने खटला संपण्यापूर्वी प्रमाणपत्र नंतरही देता येईल असे म्हटले होते, पण ते ६५-ब वर. नव्या शब्दांपुढे त्या सवलतीवर विसंबणे धोक्याचे.

क्रम असा ठेवा.

मूळ फाइल केबलने काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो किंवा व्हिडिओ दाबून लहान केला जातो, म्हणजे ती वेगळीच फाइल होते. पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

कॉपी करण्यापूर्वी हॅश (फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली अक्षरांची ओळखमालिका) काढा, कॉपीनंतर पुन्हा काढा, दोन्ही जुळवा. नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ आणि इतर असे पर्याय आहेत. एसएचए-२५६ वापरा. त्याची मालिका ६४ अक्षरांची असते, एसएचए-१ ची ४० आणि एमडी-५ ची ३२, त्यामुळे चुकीच्या रकान्यावर खूण झाली तर अक्षरे मोजून लगेच कळते. विंडोजमधल्या सर्टयुटिल या साधनाने हॅश निघतो, वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. ही मालिका हाताने टाइप करू नका. एक अक्षर चुकले तर तुमच्याच कागदावरून फाइल वेगळी ठरते. अहवालाची छापील प्रत जोडा, नमुन्यातही तो सोबत जोडायला सांगितले आहे.

फाइलचे नाव बदलले तर हॅश बदलत नाही. वर्डची फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली, फोटो फिरवला, व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात नेला तर बदलतो. झिप केलेल्या फोल्डरचा हॅश आतल्या फायलींच्या हॅशपेक्षा वेगळा असतो. दोन्हींची नोंद ठेवा.

भाग अ मध्ये उपकरणाची मेक, मॉडेल, रंग, सिरियल क्रमांक आणि आयएमईआय किंवा तत्सम ओळख भरायची. फोनचा आयएमईआय डायलरवर *#०६# दाबून पाहा. खोक्यावरचा क्रमांक लिहू नका, खोके दुसऱ्याच फोनचे निघण्याची शक्यता असते. उपकरण तुमचे आहे, तुम्ही सांभाळता की चालवता, यातले खरे तेवढेच ठेवा. वेळ भारतीय प्रमाणवेळेत, चोवीस तासांच्या पद्धतीने.

स्क्रीनशॉट ही स्वतंत्र नवी फाइल आहे. तिचा हॅश संभाषण सिद्ध करत नाही, फक्त ती प्रतिमा बदललेली नाही एवढेच दाखवतो. म्हणून स्क्रीनशॉटबरोबर संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा आणि फोन विकू, बदलू किंवा रीसेट करू देऊ नका.

सीसीटीव्हीबाबत घाई करावीच लागते, कारण डीव्हीआर (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारे यंत्र) जुने चित्रण आपोआप पुसतो. हॉटेल, दुकान किंवा शॅकच्या मालकाला आणि तपासी अंमलदाराला त्याच दिवशी लेखी द्या, पोच घ्या आणि मॅजिस्ट्रेटकडे कलम ९४ खाली अर्ज टाका. चित्रण काढताना डीव्हीआरच्या घड्याळातली वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहायला लावा. हे घड्याळ बरेचदा पुढेमागे असते आणि नंतर फरक सिद्ध करता येत नाही. डीव्हीआरच्या स्वतःच्या स्वरूपातली फाइल जशीच्या तशी ठेवा. एमपी-४ केलेली प्रत बघायला सोयीची, पण पुरावा म्हणून ती दुसरी फाइल आणि तिला वेगळा हॅश.

भाग ब कोणी भरायचा? कलमात ‘तज्ज्ञ’ एवढेच म्हटले आहे. सरकारी पक्षाला वेर्ण्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, खाजगी पक्षकाराला नाही. संगणकशास्त्राची पदवी आणि कामाचा अनुभव दाखवू शकेल, ज्याचा खटल्याशी संबंध नाही आणि जो साक्षीला यायला तयार आहे असा माणूस घ्या. फाइल त्याने स्वतः हाताळून हॅश काढला पाहिजे. तुमच्या कार्यालयात बसून तयार कागदावर त्याने सही केली, हे उलटतपासणीत दोन प्रश्नांत बाहेर येते.

चेकचे खटले

परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खालच्या, म्हणजे चेक न वटल्याच्या, तक्रारीत दखलीपूर्वी आरोपीला २२३ ची नोटीस द्यावी लागते का, यावर बराच घोळ होता. २५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगितले : गरज नाही. त्याच निकालात तक्रारदारासाठी कामे लावून दिली आहेत. अनुक्रमणिकेनंतर लगेच ठराविक नमुन्यातला सारांश लावायचा. समन्स कोर्टामार्फत जाईलच, शिवाय दस्ती समन्स तक्रारदाराने स्वतःही बजावायचे. त्यासाठी आरोपीचा मोबाइल, व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक आणि ई-मेल तक्रारीबरोबरच शपथपत्रावर द्यायचे आणि बजावणीचे शपथपत्र नंतर दाखल करायचे.

आरोपीच्या बाजूने असाल तर तडजोडीच्या खर्चाचे नवे दर अशिलाला पहिल्याच भेटीत सांगा. बचावाचा पुरावा नोंदवण्यापूर्वी चेकची रक्कम भरली तर जादा खर्च नाही. त्यानंतर पण खालच्या कोर्टाच्या निकालापूर्वी भरली तर चेकच्या रकमेच्या ५ टक्के, सेशन्स किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. पाच लाखांच्या चेकवर सेशन्समध्ये पोचल्यावर हा आकडा ३७,५०० रुपये होतो. पैसे द्यायचेच असतील तर ते आरोपीच्या साक्षीच्या तारखेआधी कोर्टात भरून घ्यावेत आणि भरल्याची पावती त्याच दिवशी फाइलला लावावी.